एरंडी पेंड, ५० किलोची गोणी: केळीला चालेल, गोठ्याजवळ नको

मृगबागेची, म्हणजे जून-जुलैतल्या केळीची, लागवड जवळ आली की रावेर-यावलकडच्या कृषी केंद्रांत निंबोळी पेंडीच्या थप्पीला लागून एरंडी पेंडही दिसते. खत म्हणून माल चांगला. नत्र साधारण ४.३ टक्के, स्फुरद १.८, पालाश १.३. तरी हिशोब करूनच घ्या. झाडाला पाव किलो टाकली तर नत्र पडतं जेमतेम ११ ग्रॅम, आणि केळीची शिफारस झाडामागे २०० ग्रॅमची आहे. म्हणजे युरिया काही सुटत नाही. पैसे मोजायचे ते मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमीवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतांवर) थोडा वचक बसतो आणि माती भुसभुशीत राहते म्हणून. ५ बाय ५ फुटांवर एकरी १७४२ झाडं, म्हणजे ९ गोण्या.

रोपाच्या बुडाशी ओतू नका. कुजताना पेंड तापते, कोवळी मुळी भाजते. लागवडीआधी आठ-दहा दिवस खड्ड्यात शेणखतात कालवा, वर माती ओढा आणि एकदा ठिबक सोडा. पांढरी बुरशी वर आली तर ती कुजण्याचीच खूण, पण पेंड उघडी राहिलीय हेही त्यातून कळतं. उघड्या पेंडीवर कुत्री येतात, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

गोणीसोबतच्या पत्रकावर ‘औषधी, कॅन्सररोधक घटक’ असं छापलंय. तो घटक म्हणजे रायसिन! एरंडीच्या बीमधलं हे जहाल विषारी प्रथिन तेलात उतरत नाही, मागे पेंडीत राहतं. त्याच्या दोन साखळ्या. ब साखळी पेशीवरच्या गॅलॅक्टोज या साखरेला चिकटून आत शिरायची वाट करून देते. अ साखळी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएमधला ॲडेनिन हा एकच घटक उपटते. जपानच्या एंडो आणि त्सुरुगी यांनी १९८७ साली हे दाखवलं. तेवढ्यानं रायबोसोम बंद पडतो, प्रथिनं बनायची थांबतात, पेशी मरते. अ साखळी स्वतः खर्ची पडत नाही, एकामागून एक रायबोसोम निकामी करत जाते, म्हणून थोडंही पुरतं. गुंजेतलं अब्रिन याच घराण्यातलं. कारल्याच्या बीमधल्या मोमॉर्डिनला मात्र ब साखळीच नाही, त्यामुळे ते पेशीत सहजी शिरत नाही.

औषधाची आशा याच फरकावर उभी आहे. ब साखळी काढून टाकायची आणि अ साखळी कॅन्सरपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडायची. माणसांवर चाचण्याही झाल्या. पण रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून अंग सुजतं, शिवाय शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, मग पुढचा डोस लागू पडत नाही. रायसिनचं औषध अजून बाजारात आलेलं नाही. पेंडीत तर दोन्ही साखळ्या जोडलेल्याच असतात. तिला औषधी म्हणणं हा निव्वळ चावटपणा.

घेताना एक्स्पेलरची (यंत्रात दाबून तेल काढलेली) की डीओसी (द्रावकानं उरलंसुरलं तेलही काढलेली), हे विचारा. एक्स्पेलरच्या पेंडीत तेल उरतं, कुजायला वेळ लागतो. डीओसीला वाफ दिलेली असते आणि उष्णतेनं रायसिन मोडतं, पण किती मोडलं ते गोणीवर लिहिलेलं नसतं. विषारी धरूनच चाला.

सरकीच्या ढेपेच्या खोलीत ही गोणी ठेवू नका. सांडलेला चुरा कुठला असा संशय आला तर कागदावर पसरून बघा: सरकीत रुईचे तंतू दिसतात, एरंडीत टरफलाचे काळपट, चकाकते तुकडे. पेंडीची धूळ दम्याच्या माणसाला मानवत नाही. त्या ॲलर्जीचं प्रथिन वेगळंच आहे. मास्क लावा, पाणी शिंपडून मगच गोणी रिकामी करा.

गाई-बकरीनं खाल्ली तर लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागते. यावर उतारा नाही, सलाईन आणि आधाराचे उपचार एवढंच हाती असतं. लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यकांना बोलवा आणि गोणी दाखवा.

खत म्हणून पाचपैकी साडेतीन. वेष्टनाला एक. पुढे केळीचा घड तीन रंगांत छापलाय, ‘जनावरांना खाऊ घालू नये’ ही ओळ मात्र शिलाईत दबलीय. रिकामी गोणी ढेप भरायला वापरू नका.