पूर्व भागातील एका दवाखान्याचा दोन वर्षांचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच असलेल्या एका लहानशा दवाखान्यात माझी आई दोन वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाबाचे उपचार घेत आहे. तिने तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. पूर्वी आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात होतो, तिथे प्रत्येक खेपेला एकाच लॅबची चिठ्ठी हाती पडे आणि दुसरीकडचा रिपोर्ट नेला, तर तो न वाचताच बाजूला ठेवला जाई. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट मनाई आहे. तिथे कट घेतला जात होता, याचा पुरावा माझ्यापाशी नाही, पण मनात शंका राहिली की विश्वास उरत नाही.

इथे तपासणीचे शंभर रुपये घेतात आणि रक्त कुठेही तपासून आणा, असे सांगतात. आई जिना चढून आली की डॉक्टर तिला पाच मिनिटे बसवतात, मगच दंडाला पट्टा बांधतात. मधुमेहामुळे पाय बधिर तर होत नाहीत ना, हे पाहण्यासाठी चपला काढायला लावून, नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवत ‘इथं कळतंय का, आई?’ असे एकेका जागी विचारतात. या कामाचे वेगळे पैसे कोणी देत नाही, म्हणूनच मला त्याचे मोल फार वाटते.

तरीही एक उणीव मोठी आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आमच्याकडून आठ महिने राहून गेली आणि कोणी आठवण केली नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना अशा तपासण्या करून त्यांची नोंद ठेवण्यासाठी गुण आणि त्या गुणांवर पैसे मिळू लागले. मधुमेहाची देखरेख सुरुवातीला वेगाने सुधारली, पण पुढे तो वेग मंदावला, पैसे न मिळणारी काही कामे मागे पडली आणि रुग्णाला नेहमीचेच डॉक्टर भेटण्याचे प्रमाणही घटले. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती पद्धत बंद केली. त्यामुळे या डॉक्टरांनी गुणांच्या मागे लागावे, असे मी म्हणणार नाही; मात्र कंपाउंडरने एका वहीत तारखा लिहून फोन केला, तरी पुष्कळ होईल.

संध्याकाळी कारखाने सुटल्यावर फार गर्दी होते. सकाळी दहाच्या आत जावे, जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि साखरेच्या तपासणीची आठवण तूर्त आपणच करून द्यावी.