टेली मानस 14416 : सीझनमध्ये दुकानात उभं राहणाऱ्यांनी लावून बघावा असा फोन

टेली मानसबद्दल लिहितेय. सरकारी फोन सेवा आहे, नंबर 14416, मन थकलंय, झोप लागेना, सारखं रडू येतंय, जीव घाबरा होतोय अशा वेळी बोलण्यासाठी, पैसे लागत नाहीत आणि रात्रंदिवस चालू असते. हॉटेलचे आणि साड्यांच्या दुकानांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात पण या सेवेबद्दल सोलापुरातल्या कुणी लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी चाटी गल्लीच्या भागात साडीच्या दुकानात सेल्सला आहे. बाकीच्यांना सण म्हणजे सुट्टी, आमच्याकडे सण म्हणजे सीझन. श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तिथून गिऱ्हाईक वाढायला लागतं, मग गौरी गणपती, मग नवरात्राचे नऊ रंग, कोजागिरीला गावातली माणसं तुळजापूरला चालत जातात तेवढ्यात जरा उसंत मिळते की लगेच दिवाळी. दिवाळी संपली की तुळशीचं लग्न आणि पाठोपाठ लग्नाचे बस्ते, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. अक्कलकोट, मोहोळ, इंडी, विजापूर, कुठून कुठून घरंच्या घरं येतात, एका गिऱ्हाइकाशी कन्नड, दुसऱ्याशी तेलुगू, तिसऱ्याशी मराठी. साडी उलगडायची, पदर दाखवायचा, खांद्यावर टाकून दाखवायची, परत घडी घालायची आणि हे सगळं हसतमुखानं, उभ्यानं. घरी गेल्यावर भाजणी, जाळ्या काढणं, डबे घासणं, पोरांची सहामाही.

पाय सुजतात ते आम्हाला सवयीचं आहे. गेल्या दिवाळीत जे झालं ते वेगळं होतं. अंग मोडून आलेलं असायचं तरी डोळा लागायचा नाही, लागला तर पहाटे तीनला टक्क जाग आणि छातीत धडधड. एक दिवस पोरीनं रांगोळीचे रंग आणायचे म्हणून पैसे मागितले आणि मला रडूच फुटलं, का ते सांगता येईना. डॉक्टरांकडे गेले, बीपी बघितलं, रक्त आणि थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. हे तपासून घ्या मात्र आधी, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असंच गळून गेल्यासारखं वाटतं. नंबर दिला आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी.

आता सेवेबद्दल. फोन मी दुकान बंद झाल्यावर घरी येऊन जेवणं आटपून गच्चीवर जाऊन लावला, दोन खोल्यांच्या घरात मोकळं बोलायला दुसरी जागा नाही. आणि हाच मला या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, आमच्यासारख्यांना दुपारी चारची अपॉइंटमेंट घेऊन कुठं जाता येतं का हो दिवाळीत? इथं रात्री अकरालाही समोर माणूस आहे. मराठी निवडलं आणि एका बाई बोलायला आल्या. आधार कार्ड मागितलं नाही, पत्ता विचारला नाही. झोप किती, जेवण कधी, हे कधीपासून होतंय, घरात कोण कोण, कामात लक्ष लागतं का, आणि मग अगदी सरळ विचारलं की जगू नये, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. मला आधी धक्का बसला पण नंतर बरं वाटलं, इतकं नीट कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणून सांगितलं. मधे मी नुसती रडत होते तेव्हा त्या थांबल्या, घाई केली नाही.

उपदेश करतील, देवाचं नाव घ्या पॉझिटिव्ह राहा म्हणतील अशी भीती होती, तसलं काही नाही. माझा पूर्ण दिवस सकाळपासून त्यांनी माझ्याकडून वदवून घेतला आणि त्यातच दिसायला लागलं की सकाळी चहा बिस्किटावर निघाले की दुपारचं जेवण चारला, तोपर्यंत परत नुसता चहा, संध्याकाळच्या गर्दीत अजून चहा, आणि मग रात्री झोप नाही म्हणून मीच हैराण. दोनच्या आत आळीपाळीनं का होईना जेवायचं, संध्याकाळनंतर चहा बंद, आणि धडधड झाली की श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावायचा, एवढ्यापासून सुरुवात. श्वासाचं ते गिऱ्हाईक समोर असतानाही करता येतं, कुणाला कळत नाही, आणि धडधड खरंच खाली येते.

मग त्यांनी विचारलं की यंदा घरातलं कुठलं काम नाही केलं तर चालेल. या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. शेवटी ठरलं ते असं की चकली आणि शंकरपाळी घरी, बाकी फराळ गल्लीतल्या एका काकूंकडून विकत, आणि दिवाळीच्या आठवड्यात रात्रीचा स्वयंपाक नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा. सोलापुरात राहून कडक भाकरी आठ दिवस टिकते हे मी सांगायला नको, ती अशाच दिवसांसाठी आहे. सासूबाई पहिल्या दिवशी गप्प बसल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनीच चटणीत तेल घालून सगळ्यांना वाढलं. ह्यांना नुसतं मदत करा म्हणण्यापेक्षा पोरांचा अभ्यास आणि पाणी भरणं तुमच्याकडे असं नेमकं सांगा असं फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, तसं सांगितल्यावर ते करायला लागले.

दुकानात मालकांशी बोलायला दोन दिवस धीर होईना. मग आम्ही तिघी मिळून गेलो, आळीपाळीनं दहा दहा मिनिटं मागं गोडाऊनमध्ये बसून येतो म्हणालो, हो म्हणाले. एवढी साधी गोष्ट मागायला इतकी वर्षं लागली. केरळनं 2018 ला आणि तामिळनाडूनं 2021 ला दुकानातल्या कामगारांना बसायची सोय दिलीच पाहिजे असा कायदा केलाय, दोन्हीकडे साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांत आमच्यासारख्याच बायका दिवसभर उभ्या असतात. आपल्याकडेही तसा व्हावा असं मला मनापासून वाटतं.

सेवा कशी चालते तेही सांगते. केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू केली, मागं बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. पहिल्यांदा प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर ते पुढं मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात. म्हणजे पहिल्याच फोनला गोळ्या लिहून मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या दुकानाचे तास त्या फोननं कमी झाले नाहीत, गर्दी तेवढीच होती. झोप मात्र हळूहळू जागेवर आली. मला स्पष्ट सांगितलं होतं की दोन आठवड्यांच्या वर असंच राहिलं, कशातच मन लागेना झालं तर सणवार बघू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणाच्या जीवालाच धोका आहे असं वाटलं तर थांबायचं नाही, 112 ला फोन करायचा.

सोलापूरच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे भाषा, एकूण 20 भाषांमध्ये बोलता येतं. आमच्यासोबतची एक पद्मशाली मुलगी आहे, तिची आई विड्या वळते. मला म्हणाली, "अक्का, आमच्या आईला मराठीत असलं मनातलं सांगायला जमत नाही वो, तिथं काय बोलणार ती?" मी म्हणलं तेलुगू आहे की, कन्नड पण आहे, लाव. तिच्या आईनं फोन लावला का ते मी विचारलं नाही, ते विचारायचं नसतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. आणि बऱ्याच जणी विचारतात की फोन लागल्यावर सुरुवात काय करायची, तर काही तयारी लागत नाही. मी एवढंच म्हणाले होते की मी साडीच्या दुकानात कामाला आहे, सीझन चालू आहे आणि मला झोप येत नाही. पुढचं त्या विचारत गेल्या. साधा की-पॅडचा मोबाईल असला तरी चालतो, 14416 लागला नाही तर 1800 891 4416 लावा.