बर्फात टिकणारा निवडुंग, धुळ्याच्या गच्चीवर

मागच्या जानेवारीत धुळ्यात पारा सहा-सातवर उतरला, त्याच आठवड्यात गच्चीवरचे माझे सात निवडुंग गेले. बुडाशी पिवळे, मग तपकिरी, बोट लावलं की पिचपिचीत. थंडीनं मारले, असं मी ठरवून टाकलं आणि ते बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलंही. तिथेच एकानं मला हेरलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज. डोंगराळ भागात नर्सरी आहे म्हणाला. फोटो पाठवले: बर्फात अर्धे बुडालेले, हिरवेगार, टरटरीत निवडुंग, वर पिवळी फुलं. "उणे तीसला टिकतात सर, तुमची थंडी म्हणजे यांना पंखा." जातीचं नावही सांगितलं, ओपन्शिया फ्रॅजिलिस. मी शोधलं तर खरंच असा निवडुंग आहे, कॅनडात रानात उगवतो. नाव खरं म्हणजे माल खरा, असं मला का वाटलं कोण जाणे. बायकोनं फोटो बघून विचारलं, "बर्फात फुलं कशी येतील हो?" मी तिलाच कॅनडा समजावून सांगितला.

सहा रोपांचे 2,400 रुपये, सगळे आगाऊ. मग "रोपांचा विमा" म्हणून आणखी 600, माल पोचला की परत. तेही भरले.

खोकं आलं. आत रोपं नव्हतीच. तळहाताएवढी पाच फडी होती, मुळं नसलेली, कापलेल्या टोकाला चीक अजून ओला. सहावा नग म्हणजे हिरव्या तिधारी दांड्यावर बसवलेला लाल गोळा, वर गुलाबी फूल. फूल इतकं कडक कसं म्हणून नखानं ढकललं, तर टप्पकन निघालं. खाली गरम डिंकाचा पारदर्शक थेंब, त्यात काटे रुतलेले. फूल वाळवलेलं, भलत्याच झाडाचं. आणि फडी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती, ती जळगाव आवृत्ती, चार दिवसांपूर्वीची. डोंगराळ भाग!

शेजारचे आप्पा शेतकरी. लांबूनच बघून म्हणाले, "भो, हाई ते आपला बांधवरना फड्या शे." खरंच होतं, शेताच्या बांधावरचा साधा फड्या निवडुंग. फ्रॅजिलिसचे तुकडे अंगठ्याएवढे असतात, धक्का लागला तरी सुटून येतात, म्हणून तर ते नाव, 'ठिसूळ' अशा अर्थाचं. एवढंही मी वाचलं नव्हतं. (तसा फड्याही मूळचा अमेरिकेचाच. निवडुंगापायी फसणारा मी पहिला नाही: 1795 मध्ये उंची लाल रंग देणारा कोचिनील किडा म्हणून ब्राझीलहून जो भारतात आणला, तो निघाला दुसराच. रंग बेताचा, पण एका जातीचा निवडुंग त्यानं फस्त केला.) लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, स्वतःचं अन्न तो करूच शकत नाही, म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या गोतातल्या दांड्यावर त्याचं कलम करतात. तो दांडा उष्ण जंगलातला. गारठ्यात आधी तोच बसतो. म्हणजे थंडीसाठी विकत घेतलेली वस्तू थंडीलाच सगळ्यात कच्ची.

भाचा कॅनडात, कॅलगरीत असतो. त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणातले खरे निवडुंग त्यानं फोटो काढून पाठवले. दक्षिणेच्या भिंतीलगत खडीचा उंचवटा, आणि त्यावर सुरकुतलेली, जांभळट, जमिनीला चिकटलेली फडी. जुन्या पापडासारखी. थंडी पडायच्या आधी ती अंगातलं पाणी कमी करतात, नाहीतर गोठून पेशी फुटतील. हिवाळ्यात हिरवंगार, फुगलेलं दिसणं हीच खोटेपणाची खूण. बायकोचा प्रश्न मी तेव्हा ऐकायला हवा होता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. भाच्यानं विचारलं, "मामा, तिकडे पाणी गोठतं का?" धुळ्यात नाही गोठत. सातपुड्यात तोरणमाळला, डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण माझी गच्ची तिथे नाही. मातीत ओल नसेल तर सहा-सात अंश साधे निवडुंगही सोसतात. मी मात्र रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना एकसारखी झारी फिरवत होतो, गाळाच्या काळ्या मातीत, भर जानेवारीत. मुळं कुजली होती. आपल्याकडे निवडुंगाला खरा धोका पाण्याचा, आणि मे महिन्यात तापलेल्या स्लॅबचा. रोगाचं निदान मी चुकवलं, नर्सरीवाल्यानं त्यावर फक्त बिल फाडलं.

विम्याचे 600 मागितले तेव्हा "दोन दिवसांत सर", मग नंबर ब्लॉक. लाजेपायी एकोणीस दिवस गप्प बसलो आणि नंतर 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यातूनही निघून गेले होते. त्याच दिवशी केला असता तर कदाचित अडवता आले असते. ग्रुपवर लिहिलं तर आणखी तिघांचे मेसेज आले, खासगीत. एकानं तर त्याच फोटोंवर 5,000 घातले होते.

फडी आप्पांनी बांधावर लावली, लागलीसुद्धा. ती उचलून देताना कुसळं शिरली ती चिकटपट्टीनं बरीचशी काढली. उजव्या अंगठ्यातलं एक अजून आहे, मोबाईलवर हे टाइप करताना टोचतंय.