टीव्हीच्या स्टिकवर कॉन्ट्रा पळते, आपला गेम चालवायला मात्र घाम निघाला

मार्चमध्ये नागपूरच्या बर्डीवरून अँड्रॉइड टीव्हीवाली स्टिक आणली, 2 जीबी रॅम अन 8 जीबी स्टोरेजवाली, कंपनीचं नाव नाही सांगत. घरचे तिच्यावर सिरीयल पाहतात, मी घेतली होती गेमसाठीच, तर त्याच हिशोबाने लिहून राहिलो.

जुने गेम एकदम मक्खन. रेट्रोआर्च (जुन्या मशीनचे गेम चालवणारं ॲप) टाकलं, ब्लूटूथ कंट्रोलर जोडला, अन लहानपणी कॅसेट फुंकून फुंकून लावायचो ते सगळं सुरू. त्या 8-बिट मशीनचं चित्रच मुळात 256 बाय 240 पिक्सेलचं, स्टिकला काय जड जाते. कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए बोटांनी आपोआपच दाबलं अन 30 लाईफ आल्या, भाचा म्हणे मामा हे तुले कसं माहीत. त्यानंतरच्या सुपर निन्टेन्डोच्या गेमपर्यंत टेन्शन नाही, त्याच्याही पुढचं निन्टेन्डो 64 मात्र रडतरडत चालते. अन टीव्हीचा गेम मोड आधी चालू करा, नाहीतर बटन आत्ता दाबलं अन उडी खड्ड्यात पडल्यावर, असं होते.

आता खरा ताप. मी गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा गेम बनवून राहिलो, म्हटलं टीव्हीवर पाहू. बिल्ड नंबरवर सात वेळा क्लिक करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, लॅपटॉपवरून स्टिकवर ॲप टाकायचं एडीबी वायफायवरून जोडलं, पोर्ट 5555, इथपर्यंत सोपं. इन्स्टॉल करतो तर होतच नाही! दोन रात्री गेल्या बाप्पा. निघालं काय, तर गोडो एपीके (ॲपची इन्स्टॉल फाईल) 64-बिटची बनवून देत होतं अन स्टिकवरचं अँड्रॉइड 32-बिटचं. एक्स्पोर्टमध्ये आर्मईएबीआय-व्ही7ए म्हणजे 32-बिटवाल्या पर्यायावर टिक मारली, झालं. मग इन्स्टॉल झाला पण होम स्क्रीनवर दिसेना, कारण मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती असलेली फाईल) लीनबॅक लाँचर, म्हणजे हे टीव्हीचं ॲप आहे असं सांगणारी नोंद, टाकावी लागते अन 320 बाय 180 चा बॅनरही. गोडोतला रेंडरर (चित्र काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटीवाला ठेवा, व्हल्कनवाल्या जड रेंडररच्या नादी नका लागू. लॅपटॉपवर हवेत उडणारा माझा गेम इथे सेकंदाला वीस फ्रेमवर आला, अन त्यामुळेच मला कळलं की प्रत्येक गोळीसाठी नवीन नोड (गोडोत गेमचा एकेक तुकडा) बनवणं हा येडेपणा होता. त्या हिशोबाने पैसे वसूल.

मे महिन्यात वेगळंच नाटक. बाहेर 45, कूलर दमट हवा फेकून राहिला, स्टिक टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटलेली. वीस मिनिटांत गेम रेंगाळायला लागे, हात लावला तर तवा. मी आठवडाभर कोडमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी एचडीएमआयचं छोटं एक्स्टेंडर लावून स्टिक बाहेर लटकवली तर नीट चालायला लागली. ते एक्स्टेंडर डब्यातच आलं होतं, मीच भंगारात टाकायला काढून ठेवलं होतं.