जुन्या पद्मिनीची धुलाई: प्रेशर, स्प्रे की बादली?

कुर्ल्याच्या कारखान्यातून सत्तरच्या दशकात बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी आज ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यापुढे ती धुण्याचे तीन मार्ग असतात: धुलाई केंद्रातला प्रेशरचा फवारा, पाण्याविना पुसण्याचा स्प्रे आणि घरची बादली. नव्या गाडीला यांतले काहीही चालून जाते. पद्मिनीचा मूळ रंग मात्र एकेरी थराचा असतो. आजच्या गाड्यांवर असतो तसा पारदर्शक क्लिअर कोट त्यावर नसल्यामुळे जो काही ओरखडा उठतो, तो थेट रंगावरच उठतो. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर तिचे मूळ स्वरूप जपलेले असावे लागते.

प्रेशरच्या फवाऱ्याने वेळ वाचतो आणि चाकांवरच्या पत्र्याखाली बसलेला पावसाळी चिखल चांगला सुटतो, म्हणून तेवढ्यापुरता आणि लांबून मारलेला फवारा मला मान्य आहे. बाकी गाडीवर नको. काचांभोवतीचे रबर इतक्या वर्षांत कडक झालेले असते आणि त्यामागे शिरलेले पाणी आतच राहते. रंगाला कुठे फुगा आलेला असेल तर त्याचा पोपडा निघतो. बॉनेट उघडून इंजिनवर फवारा मारणे तर टाळावेच, कारण डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागात, पाणी गेले की गाडी तिथेच बसते.

पाणीटंचाईच्या सोसायटीत स्प्रेचा मोह होणे स्वाभाविक आहे. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असेल आणि तिच्यावर नुसती हलकी धूळ असेल, तर तो चालतो. रस्त्यावरची वाळू बसलेल्या गाडीवर मात्र तेच मऊ फडके पॉलिश पेपरचे काम करते. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी तर स्प्रे अपुराच, कारण बंपरच्या मागे आणि पत्र्याच्या सांध्यांत साठलेले मीठ पुसून जात नाही. त्याला पाणीच लागते.

म्हणून माझे मत बादलीच्या बाजूने, किंबहुना दोन बादल्यांच्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. कपड्यांची पावडर वापरू नये, ती रंगावर लावलेले मेण धुऊन नेते. गाडी सावलीत घ्यावी, टपापासून खाली यावे. खरी कसोटी मात्र वाळवण्यात आहे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोके असतात, ती बहुधा मातीने बुजलेली असतात. आमच्या गाडीच्या मागच्या दरवाजाचे भोक मी तारेने मोकळे केले, तेव्हा कपभर तांबूस पाणी ओघळले; धुऊन आठवडा झाला होता. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. त्यामुळे खालच्या पट्ट्या सडल्या तर तो निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

चमकेच्या बाबतीत निवड मशीनवरचे रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवणारी खरखरीत लुगदी) आणि हाताने लावायचे सौम्य पॉलिश यांच्यात असते. कंपाउंड तासाभरात आरसा करून देते, पण फडक्यावर उतरणारा रंग हा मळ नसून गाडीचाच रंग असतो. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर तो मुळातच पातळ असतो, तिथे मशीन फिरले की खालचा प्रायमर दिसू लागतो. वर्षाकाठी एकदा हाताने पॉलिश आणि त्यावर कार्नोबा मेण एवढे पुरे. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची जुनी चालकी रीत मी पाहिली आहे. त्याने धूळ चिकटते आणि रबर फुगते. क्रोमवर लिंबू-चिंचही नको.

कव्हरचा निर्णय सोपा आहे. छपराखाली सुती कव्हर घालावे. प्लास्टिकचे पावसात उपयोगी वाटते, पण आतली वाफ तिथेच कोंडते. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या गाडीवर ते ओढण्यापेक्षा गाडी छपराखाली, काचा बोटभर उतरवून, उघडीच ठेवलेली बरी.