अर्लोटिनिब आणि चेहऱ्यावरचं पुरळ: बऱ्याच महिन्यांनंतर

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर म्युटेशन (पेशींना वाढायचा इशारा देणाऱ्या ईजीएफआर नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला बदल) निघालं, म्हणून मला अर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम सुरू झाली. रोज एक गोळी, रिकाम्या पोटी. तिच्या मुख्य कामाबद्दल माझी तक्रार नाही, स्कॅन बरे येतायत. लिहितेय ते कातडीबद्दल.

दुसऱ्या आठवड्यातच नाक, गाल, हनुवटी आणि डोक्यात लाल पुटकुळ्या उठल्या, काहींत पू. दिसतात पिंपल्ससारख्या, पण खाज आणि आग दोन्ही. ही गोळी जे ईजीएफआर अडवते त्याची गरज निरोगी कातडीलाही असते, म्हणून ती कोरडी पडते, सुजते. त्यामुळे पिंपल्सचे फेसवॉश, बेन्झॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉल यांनी उलट आणखी सोलवटते. सोसायटीतल्या एका काकूंनी लिंबू चोळायला सांगितलं होतं. त्यांना नमस्कार.

"पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडतेय, सोसायचं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! पुरळ येणाऱ्यांना औषधाचा गुण जास्त दिसतो, असं अभ्यासांत आढळलंय हे खरं. पण म्हणून ते अंगावर काढायचं कशाला? स्किनच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, पुरळावर लावायला क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक आणि थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम दिलं, तेव्हा झोप लागायला लागली. माझं तर म्हणणं, गोळीच्या पहिल्या चिठ्ठीवरच मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लिहून द्यावं. डॉक्सिसायक्लिनने ऊन जास्त बाधतं, आणि ती भांडंभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही.

क्रीमच्या बाबतीत महागड्या सीरमपेक्षा बिनवासाचं, जाड, कंटाळवाणं मॉइश्चरायझर भारी. कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच लावायचं. युरियाचं क्रीम टाचांना उत्तम, मात्र भेगेत गेलं की अशी झिणझिण की विचारू नका. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घेतलं. चेहरा पांढुरका दिसतो, पण चुरचुरत नाही.

पुण्यात एक सोय आहे. स्कूटरवर स्कार्फ गुंडाळलेल्या बाईकडे इथे कुणी ढुंकूनही बघत नाही. सिंथेटिक स्कार्फ घासतो, मी जुन्या मलमलच्या ओढणीचे दोन केले. पंचाईत होते स्कार्फ सोडल्यावर. लक्ष्मी रोडवर एका दुकानात माझा हात पुढे असताना सुट्टे पैसे काउंटरवर ठेवले गेले. मी म्हटलं, "दादा, औषधाने आलंय, लागत नाही कुणाला." तो ओशाळला, मग ब्लाउजपीसवर दहा रुपये कमी केले. घासाघीस न करता!

चेहऱ्यापेक्षा नखांनी जास्त छळलं, आणि त्याबद्दल कुणी आधी बोललंच नव्हतं. साधारण दोन महिन्यांनी अंगठ्याला नखुरडं झालं. नखाच्या कडेचं मांस लालबुंद, वर फुगून आलेलं, चादरीचा धागा अडकला तरी डोळ्यांत पाणी. कोथिंबीर निवडणं, लसूण सोलणं, ब्लाउजचे हुक, सगळं बंद. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात पंधरा मिनिटं बोटं बुडवणं मला मानवलं. भांड्यांना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. पायांत पुढून मोकळ्या चपला. कडेचं मांस फारच वाढलं तेव्हा डॉक्टरांनी ते जाळायला सिल्व्हर नायट्रेट लावलं. पापण्याही लांब, वळणदार झाल्या. मैत्रिणी कौतुक करतात, मला त्या डोळ्यांत टोचतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कापून घेते.

मध्ये पुरळ छातीपाठीवर पसरलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवून १०० मिलिग्रॅमवर आणली. हे त्यांनीच ठरवायचं. चेहरा बघवत नाही म्हणून परस्पर गोळी सोडू नका. ताप आला, पुरळातून पिवळं पाणी किंवा खपल्या दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. आणि फोटो काढून ठेवा: तपासणीच्या दिवशी पुरळ हमखास बरं दिसतं.