डोटा २ मधले त्रासदायक खेळाडू आणि ओव्हरवॉच: काही महिन्यांच्या वापरानंतर

डोटा २ या पाच विरुद्ध पाच अशा ऑनलाइन गेममध्ये मी बहुतेक वेळा सपोर्ट, म्हणजे टीममधल्या इतरांना मदत करणारी भूमिका, खेळते. सामना अर्धा-पाऊण तास चालतो आणि पाचातल्या एकाने मुद्दाम वाट लावायची ठरवली, तर उरलेल्या चौघांना उठूनही जाता येत नाही. गेलात तर अबँडनची, म्हणजे सामना अर्धवट सोडल्याची, नोंद तुमच्याच नावावर. त्यामुळे अशा लोकांना आवरायची साधनं मला गेममधल्या हिरोंइतकीच (निवडायच्या पात्रांइतकीच) महत्त्वाची वाटतात.

२०२३ पासून इथे दोन स्कोअर आहेत, एक वागण्याचा आणि एक बोलण्याचा, दोन्ही १२,००० पर्यंत. हे फार बरं झालं. तोंडाने फटकळ पण जीव तोडून खेळणारा आणि एक अक्षर न बोलता सामना नासवणारा, हे दोघे वेगळेच.

पण खरं काम करतं ते २०२१ मध्ये आलेलं ओव्हरवॉच, म्हणजे खेळाडूंनीच तक्रारी तपासायची गेममधली सोय. सामना चालू असतानाच रिपोर्ट केला की रिप्लेमध्ये (सामन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये) त्या क्षणाची खूण पडते, आणि प्रकरण इतर खेळाडूंपुढे जाऊ शकतं. दोषी, निर्दोष किंवा पुरावा अपुरा, यांपैकी एक निकाल द्यायचा. मी ही प्रकरणं आवर्जून बघते. मरण्याचा आकडा मोठा दिसला की लोक लगेच ‘फीडर’ (मुद्दाम मरून विरोधकांचा फायदा करणारा) म्हणून रिपोर्ट करतात. रिप्ले बघावा तर तो बिचारा एकटाच वॉर्ड (नकाशावर नजर ठेवणारी वस्तू) लावायला जातोय आणि मागे कोणी नाही. उलट जेमतेम एकदा मेलेला कॅरी (टीमचा मुख्य मारा करणारा) मिड, म्हणजे नकाशातली मधली वाट, मिळाली नाही म्हणून शेवटपर्यंत जंगलात फिरत राहतो, टीमचा बेस (मुख्य तळ) पडला तरी येत नाही. स्कोअरबोर्डवर हा सज्जन दिसतो. मी अशाला बेधडक दोषी ठरवते, आणि वाईट खेळणाऱ्याला कधीच नाही.

शिव्यांवर मात्र म्यूटच. माइकवर मुलीचा आवाज आला की काहींची भाषा लगेच बदलते. समजावत बसण्यात अर्थ नाही, तेवढ्यात लेन (आपण सांभाळायची वाट) हातची जाते. पहिल्याच घाण शब्दाला म्यूट आणि लगेच रिपोर्ट. यात तोटा आहेच: त्याच माणसाने नंतर ‘रोशनला (नकाशावरच्या बलाढ्य राक्षसाला मारायला) चला’ म्हटलेलंही ऐकू येत नाही, आणि त्याची किंमत टीम मोजते. म्हणून रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळताना मी ओळखीच्या दोघातिघांची पार्टी करूनच क्यूला, म्हणजे सामना मिळायच्या रांगेत, लागते.